भावाच्या नावावरची जागा

आमच्या हवल्लीच्या इमारतीत नवं बिऱ्हाड आलं की बाई दोनच गोष्टी विचारते. ताजी कोथिंबीर कुठं मिळते, आणि मुलांना कुठल्या शाळेत घालू? कोथिंबिरीचं मी सांगते. शाळेसाठी खालच्या मजल्यावर अवातिफकडं पाठवते. "जा बाई, शाळा निवडण्यात तिचा हात धरणारं अख्ख्या कुवेतमध्ये कुणी नाही." मग ती बाई हमखास विचारते, "तिची स्वतःची मुलगी कुठल्या शाळेत आहे?" तिथं माझं डोकं फिरतं. का फिरतं ते आता एकदा सांगूनच टाकते. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं लोक म्हणतात, म्हणोत.

अवातिफ आमच्याच इजिप्तची, तांताजवळच्या एका खेड्यातली. नवरा वग्दी, बांधकाम कंपनीत इंजिनियर. उंच, गोडबोल्या. जिन्यात भेटला की माझ्या हातातली पिशवी काढून घेणार आणि दारापर्यंत आणून देणार. एकच लेक, रिताज. आमच्यात माणसाला त्याच्या पोराच्या नावानं हाक मारतात, बापाला अबू अमका, आईला उम्म अमका; मी उम्म हिशाम. घरात मुलगा असला की थोरली मुलगी असली तरी मुलाचंच नाव लावायची रीत. मुलगा नसला तर नाइलाजानं मुलीचं. पण वग्दीचा नाइलाज दिसायचा नाही. कुणी नुसतं वग्दी म्हटलं तर तो हसून म्हणायचा, "अबू रिताज म्हणा हो. माझी रिताज दहा मुलग्यांना भारी आहे." हे ऐकून मी माझ्या हिशामच्या बापाला टोमणे मारायचे, "शिका जरा! असा असतो बाप." जळो माझी जीभ.

रिताज रांगत होती तेव्हा अवातिफला पुन्हा दिवस गेले आणि पोटात काहीतरी बिघडलं. हॉस्पिटलात डॉक्टर इंग्रजीत भराभरा बोलत होता. हिला त्यातलं ओ की ठो कळेना. शेजारी वग्दी उभा होता. तो म्हणाला, "छोटंसं ऑपरेशन आहे, मान हलव." हिनं मान हलवली. शुद्धीवर आली तेव्हा आपल्याकडची एक नर्स भेटली, तिनं अरबीत सांगितलं, गर्भाशय काढलंय, आता मूल नाही. जीव वाचवायला तेच करावं लागलं, ते सगळं खरं. पण अवातिफच्या मनातून ते गेलं नाही. "उम्म हिशाम, मी कशाला हो म्हणतेय तेच मला माहीत नव्हतं," ती मला म्हणायची. "माझी रिताज समजून मान हलवेल, नाहीतर हलवणारच नाही." पोरगी गल्लीतल्या अरबी शाळेत जात होती. तिला तिथून काढून चांगल्या इंग्रजी शाळेत घालायचं, एवढा एकच ध्यास त्या बाईनं घेतला.

आणि तिची शाळा निवडायची तऱ्हा काय सांगू! माहितीपत्रकं बघायची नाहीत. कार्यालयातल्या काचेच्या पेटीतले मासे, भिंतीवरची बक्षिसं, गोऱ्या बाईंचं हसणं, कशालाही भुलायची नाही. शाळा सुटायच्या वेळेला फाटकाबाहेर जाऊन उभी राहायची आणि पोरं भांडतात कुठल्या भाषेत ते ऐकायची. "बाईंसमोर पोपटासारखं कुणीही बोलेल," ती म्हणायची. "भांडताना आतली भाषा बाहेर येते." मी सोबतीला असायचेच. उन्हात दोघी भाजून निघायचो. एका शाळेत तर 'अमेरिकन' अशी एवढी मोठी पाटी, आणि आतून आलेली पोरं एकमेकांच्या आया अस्सल कैरोच्या भाषेत उद्धरत होती. अवातिफ म्हणाली, "चला, ही बाद. हे तर फुकटात घरी शिकवता येईल."

असं फिरून फिरून आम्ही निळ्या फाटकाच्या शाळेपाशी पोचलो. नाव घेत नाही, निळं फाटकच म्हणते. तिथं पहिल्याच दिवशी आमच्यासमोर दोन पोरं टोपीवरून जुंपली. एक चांगला दांडगा, दुसरं पिटुकलं, दात पडलेलं. दोघंही आपल्याकडचीच दिसत होती. पण ते पिटुकलं इंग्रजीत असं तडातडा भांडलं की तो दांडगा टोपी टाकून पळाला! अवातिफला हसू आवरेना. तिच्या पिशवीत खजूर भरलेली कहक होती, ईदची उरलेली गोड बिस्किटं. तिनं एक त्याच्या हातावर ठेवली.

"नाव काय रे तुझं, वाघा?"

"एयाद."

"कुणी शिकवलं असं भांडायला?"

"कुणी नाही. मला येतंच." आणि कहक तोंडात कोंबून, न्यायला आलेल्या फिलिपिनो बाईचं बोट धरून गेलं ते.

"उम्म हिशाम, ठरलं," अवातिफ म्हणाली. "माझ्या रिताजला अस्सं बोलता आलं पाहिजे. हीच शाळा." पुढं आम्ही चार-दोन वेळा तिथं गेलो, आणि दर वेळी ती त्या पोरासाठी कहक न्यायची.

वग्दीला मात्र ती शाळा डोळ्यांसमोर नको. बाकी कुठल्याही शाळेचं नाव काढा, "बघू की." निळ्या फाटकाचं काढलं की कपाळाला आठी. लांब आहे. रस्त्यात गर्दी असते. तिथल्या पोरी उर्मट होतात. एकदा म्हणाला, तिथं जेवणात काय घालतात कोण जाणे. मी म्हटलं, "अबू रिताज, तुम्ही कधी जेवलात तिथं?" तर पाणी पिता पिता ठसका लागला त्याला. चोराच्या मनात चांदणं! पण तेव्हा कुठं कळतंय? आम्हांला वाटलं, लांबच्या साइटवर जाऊन दमतो बिचारा, आठवड्यातून दोन रात्री तिकडंच काढतो, चिडचिड होणारच. त्या रात्रींसाठी अवातिफ त्याला महशीचा, म्हणजे भात भरलेल्या भाज्यांचा, डबा भरून द्यायची. जरा जास्तच भरायची, साइटवरच्या लोकांनाही होऊ दे म्हणून.

शेवटी तो साइटवर गेलेला असताना ती मला घेऊन थेट शाळेच्या कार्यालयात गेली. प्रवेशाचं काम बघणारी मुलगी सीरियाची होती, गोड होती बोलायला. मान हलवून म्हणाली, "चौथीत एकही जागा नाही हो. पुढच्या वर्षी या." अवातिफनं खूप गयावया केली. मीही मध्ये तोंड घातलं, की मुलगी हुशार आहे, एकदा बघा तरी. त्या पोरीला दया आली असावी. "प्रतीक्षेत नाव लावते," ती म्हणाली. "मुलीचं पूर्ण नाव सांगा."

आमचं पूर्ण नाव म्हणजे स्वतःचं, मग बापाचं, आज्याचं, पणज्याचं. अवातिफनं सांगितलं, "रिताज वग्दी अब्दुलमुईज शलबी."

त्या मुलीचे हात थांबले आणि चेहरा एकदम फुलला. "अहो, मग आधी नाही का सांगायचं? भावंडांसाठी आम्ही जागा राखून ठेवतो! भाऊ इथं असताना बहिणीला कशाला ताटकळत ठेवू? अबू एयादनी तर कधी सांगितलंच नाही की मोठी मुलगीपण आहे. एवढे दर पालकसभेला पुढच्या रांगेत बसतात..."

बोलता बोलता तिनं अवातिफकडं नीट पाहिलं आणि तिचा रंग उडाला. एयादची आई तिला माहीत होती ना. ती ही नव्हती.

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. वग्दी आपल्या रिताजच्या शाळेत एकदाही गेला नव्हता, वेळ नसतो म्हणायचा. अवातिफनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "पहिलीत आहे का तो? दात पडलेला?"

"हो," ती मुलगी पुटपुटली. "माफ करा, मला वाटलं..."

"माफी कशाची बाळा? लिही तू. बहीण आहे ती त्याची."

बाहेर आल्यावर मीच भडकले. "आग लाव त्या शाळेला! त्या बाईच्या पोराच्या नावावर मिळालेली जागा घेणार तू? लाज नाही वाटत?"

"शाळेनं काय केलंय?" ती म्हणाली. मग टॅक्सीत बसल्यावर तिचा बांध फुटला. "मी त्याला कहक दिली गं. माझ्या हातानं. त्याच्या घरी डबे भरून पाठवले. केसानं गळा कापला गं माझा, आणि मी मान पुढं करून बसले होते!" ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली आणि गाणं बंद केलं. मी तिला धरून बसले. मलाच इतकं रडू येत होतं की समजूत कोण कुणाची घालणार.

दुसऱ्या दिवशी वग्दी आला. तिनं मला मुद्दाम बोलावून घेतलं. "तू बस इथं. साक्षीला." मुलुखियाची पातळ पालेभाजी केली होती, भात वाढला, रिताजला माझ्या घरी हिशामकडं पाठवलं. त्यानं पहिला घास घेतला तेव्हा ती म्हणाली, "रिताजला निळ्या फाटकात जागा मिळाली. भावाच्या नावावर."

घास तसाच तोंडात राहिला त्याचा. माझ्याकडं पाहिलं त्यानं, जसं काही मीच चोरी केली होती.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला.

"कधी? त्याच्या लग्नात?"

"अवातिफ, मी हराम काही केलं नाही. निकाह केलाय. तुला काही कमी पडू दिलं का? मला मुलगा हवा होता, त्यात गुन्हा काय? तुला तर आता..."

"बोल ना. मला आता काय?" ती उभी राहिली. "त्या दिवशी डॉक्टर काय बोलत होता ते तुला कळत होतं. तू मला म्हणालास, छोटंसं ऑपरेशन आहे, मान हलव. मी डॉक्टरकडं बघून नाही हलवली मान. तुझ्याकडं बघून हलवली."

"तू घाबरली असतीस."

"घाबरले असते. पण माझ्या पोटासाठी मी घाबरले असते. तेवढंही ठेवलं नाहीस माझ्याकडं."

तो ताटाकडं बघत बसला. मला वाटलं, आता ही तलाक मागणार. मी तर मनात तिची बॅगही भरायला घेतली होती. पण इथला व्हिसा नवऱ्याच्या नावावरचा; गेली की रिताजचं शाळेचं स्वप्न तांताजवळच्या त्या खेड्यात जाऊन पडणार, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

"मी कुठं जात नाही," ती म्हणाली. "पोरीची शाळा होईपर्यंत नाही. तू मात्र या घरात झोपायला यायचं नाहीस. आणि पहिल्या दिवशी दोघांनाही फाटकापर्यंत तू घेऊन यायचंस. एका हाताला एक. लोकांना दिसू दे, बाप कुणाकुणाचा आहे."

आला. काय करतो! सप्टेंबरची सकाळ, फाटकाशी ही गर्दी. वग्दीच्या उजव्या हाताला एयाद, डाव्या हाताला नव्या गणवेशात रिताज. तिला आईनं एवढंच सांगितलं होतं की तुला एक धाकटा भाऊ आहे. पोरीनं काय ते ओळखलं होतं, काही विचारलं नव्हतं. एयादनं अवातिफला पाहिलं आणि तो ओरडला, "कहकवाली मावशी!" तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. तिच्या जागी मी असते तर माझ्याच्यानं झालं नसतं.

फाटकावर म्हातारा दारवान, अम्म जाबिर, म्हणजे जाबिरकाका. त्यानं लांबूनच हात केला, "या, अबू एयाद, या!"

"अम्म जाबिर, चुकलात तुम्ही," अवातिफ मोठ्यानं म्हणाली. आजूबाजूच्या बाया वळून बघायला लागल्या. "थोरली ही आहे. या फाटकावर अबू रिताज म्हणायचं."

म्हातारा गोंधळला, पण समजदार माणूस. "बरं बाई. तुमचं लेकरू, तुमचा मान."

तेवढ्यात मागं भोंगे वाजायला लागले. वग्दीनं गाडी वाटेतच आडवी लावली होती. अम्म जाबिर ओरडला, "अबू रिताज! गाडी काढा!"

वग्दी वळला नाही. तो खाली वाकून एयादच्या बुटाची नाडी बांधत होता.

"ओ अबू रिताज!"

नाहीच. नाटक करत नव्हता हो तो, मी जवळच उभी होते. त्याला खरंच ऐकू गेलं नाही. वैतागून म्हाताऱ्यानं शेवटी हाक मारली, "अबू एयाद!"

"आलो!" म्हणून वग्दी ताडकन उभा राहिला, पोरांचे हात त्यानं पुन्हा धरले.

रिताजनं त्याच्याकडं पाहिलं. मग आपला हात त्याच्या हातातून हळूच सोडवून घेतला, आईकडं बघून एकदा मान हलवली, आणि एयादचं बोट धरून आत निघून गेली.