वळणावरचा भोंगा

धाकटीबद्दल सांग म्हणता, तर आधीच सांगून टाकते, तिच्या नावाने माझ्या पोटात दुखतं. अकरा वर्षं दुखतंय.

आमच्या बेटावर पाहुण्यांना गाडी भाड्याने मिळत नाही. बोटीतून उतरलं की एक तर धाकटीच्या व्हॅनमध्ये बसायचं, नाहीतर माझ्याकडून सायकल घ्यायची. व्हॅनचा परवाना बाबांचा होता. त्यांचे गुडघे गेले तेव्हा तो कुणातरी एकीलाच मिळणार होता. थोरली मी. लहानपणापासून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून गिअर पाठ केले ते मी. आणि परवाना झाला धाकटीच्या नावावर. "तुझा राग नाकावर," बाबा म्हणाले, "त्या वळणावर डोकं थंड लागतं." झालं, विषय संपला.

ते वळण म्हणजे टेकडीवरचं. रस्ता एका गाडीपुरताच आणि समोरचं काही दिसत नाही. म्हणून व्हॅन वळणाआधी भोंगा देते, दोन लांब, एक आखूड. तो ऐकला की सायकलवाल्याने उतरून भिंतीला टेकून उभं राहायचं. पाहुण्यांना हे कुठून माहीत असणार? सायकल देताना मीच सांगते. सीट वर-खाली करायची, ब्रेक दाबून दाखवायचा आणि मग सांगायचं, माझी बहीण व्हॅन घेऊन येते, तिचा भोंगा ऐकला की उतरा. म्हणजे दिवसातून वीस-पंचवीस वेळा तिचं गाणं मीच गायचं. बघा आता.

बाबा राहतात माझ्याकडे. गुडघ्यांना तेल मी लावते, गोळ्या मी देते. ते दुकानाच्या दारात स्टुलावर बसतात आणि कान टेकडीकडे. भोंगा वाजला की चेहरा खुलतो. "अगदी माझ्यासारखा देते," म्हणतात. कौतुक नुसतं उतू जातं.

मागच्या महिन्यात मी त्या स्टुलाला पाठ बसवली, एका मोडक्या सायकलचे दांडे कापून, घासून. दोन दुपारी गेल्या त्यात. सकाळी बाबा टेकून बसले, हात फिरवून बघितला आणि म्हणाले, "छान आहे. धाकटीने आणली वाटतं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तेवढ्यात एक जोडपं सायकली घ्यायला आलं. मी सीट वर-खाली केली, ब्रेक दाखवला. भोंग्याचं अगदी ओठांवर आलं होतं, ते मी गिळलं. विसरले नाही, गिळलं. आज तिचा विषय माझ्या तोंडून निघणार नाही, एवढंच डोक्यात होतं. बाबा हातभर अंतरावर बसले होते.

दहाएक मिनिटांनी भोंगा वाजला. दोन लांब, एक आखूड. मग लगेच पुन्हा, घाईघाईने. मग टायर घासल्याचा आवाज. हाताला लागली ती सायकल घेऊन मी टेकडी चढले.

व्हॅनचं डावं चाक गटारात होतं. धाकटी त्या बाईचं खरचटलेलं कोपर धूत होती. बाकी कुणाला काही झालं नव्हतं. "भोंगा ऐकूनही हे रस्त्याच्या मधोमध," ती मला म्हणाली. "मी यांना म्हटलं, ताईने सांगितलं असणारच, तुमच्याच लक्षात राहिलं नाही. सांगितलं होतंस ना?"

"हो," मी म्हणाले.

जोडपं एकमेकांकडे बघायला लागलं. मग नवरा बिचारा माझी माफी मागायला लागला. धाकटीने पुढे एक शब्द विचारला नाही. माझ्यावर इतका विश्वास टाकणं तिला जमतं, याचाही मला त्या घटकेला हेवा वाटला.

घरी आल्यावर, राग नाकावर, असं बाबा एकदा तोंडावर म्हणतील म्हणून मी दिवसभर वाट बघितली. म्हणाले असते तर भांडता तरी आलं असतं. ते जेवले, गोळी घेतली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बोटीने तिघे आले. मी सीट केली, ब्रेक दाखवला आणि तोंड उघडलं, तर मागून बाबांचा आवाज आला. "भोंगा असेल दोन लांब, एक आखूड. ऐकला की उतरून भिंतीला टेकायचं." मी वळून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

तेव्हापासून भोंग्याचं तेच सांगतात, येणाऱ्या प्रत्येकाला. मी ब्रेक दाखवते.