माझ्या हनुवटीइतकं वल्हं

माझ्या माहेरी वल्हं करायचं असलं की आधी माणसाला उभं करत. पातं जमिनीवर टेकवायचं, दांड्याचं टोक हनुवटीला लागलं पाहिजे, आणि मूठ आवळली की बोटं तळव्याला भिडली पाहिजेत. बाई असो की गडी, माप ज्याचं त्याचं. वैनगंगेच्या काठावर मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरी मी वाढले. सगळ्या नद्यांवर असंच चालत असणार, असं मी धरून चालले होते.

लग्न होऊन आले ती सिरोंच्याच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी. पलीकडचा काठ नुकताच निजामाच्या हातून सुटला होता, आणि इकडच्या घरांत निम्मं बोलणं तेलुगूत चालायचं. सासरी भिंतीवरच्या खुंट्यांवर एकच वल्हं होतं, सासऱ्यांचं. सासऱ्यांना मी कधी पाहिलं नव्हतं, पण वल्हं पाहून कळलं की माणूस ताडमाड असणार. साग होता तो, पातं सुपाएवढं रुंद. पाण्याबाहेर काढताना खांदा कुरकुरायचा.

त्या घराचा नेम असा की वल्हं मोडल्याशिवाय दुसरं करायचं नाही. केलं तर नदीला वाटतं, घरचा गडी परका झाला. आता सागाचं वल्हं कशाला मोडतंय! सासऱ्यांच्या मागे सासूबाईंनी तेच ओढलं होतं, आणि त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. त्यांची वेणीसुद्धा मी घालायची. एवढं होऊन त्यांचं ठाम मत काय, तर नदी हे बायकांचं कामच नाही.

पौषात माझा नवरा बांबू तोडायला जंगलात गेला आणि घरचा डोंगा, आमची लाकडी होडी, माझ्या हाती आला. जाळ्यात मासळी बरी लागत होती. पण बाजार सिरोंच्याला, म्हणजे गोदावरीतून प्राणहितेत शिरून उलट्या धारेनं वर जायचं. सासऱ्यांचं वल्हं घेऊन मी पहिल्यांदा गेले, तर पोचेपर्यंत बाजार उठायला लागलेला आणि मासळी मऊ पडलेली. माझा चुलत दीर त्याच्या डोंग्यातून केव्हाच पोचून, विकून मोकळा झाला होता.

"वहिनी, डोंगा देऊन टाक मले," तो हसत म्हणाला. "काऊन हाडं मोडून राह्यली?"

घरी येऊनही तो तेच म्हणाला, आणि सासूबाईंना ते पटलं. पुढच्या बाजारालाही उशीर झाला तर डोंगा दिराचा, आणि मी अंगणात मासळी वाळवत बसायची, असं त्यांनी सांगून टाकलं. मला रडू आलं नाही, राग आला. डोंगा हा त्या घरातला एकच कोपरा होता जिथं मी माझी होते.

मी तडक वाढयाकडे, गावच्या सुताराकडे गेले. शिवणीची हलकी फळी घे, म्हटलं, पातं अरुंद ठेव, आणि उभी राहिले हनुवटी वर करून. त्यानं लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला.

"बाईचं माप नाई घेत कोणी," तो म्हणाला. "घरच्या माणसाचं घेतात."

"घरचा माणूस जंगलात हाय, भाऊ. डोंगा मी चालवून राह्यली."

त्यानं माप घेतलं.

वल्हं घरी आणलं तेव्हा सासूबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. "हे आंबील घोटाले आणलं काय?" मी म्हटलं, बाजारापर्यंत दोन्ही वल्ही नेते. वेळेत पोचले नाही तर हे चुलीत घाला. त्या म्हणाल्या, "मीच येतो संग. पाहतो."

बाजाराच्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. पुढे मासळीच्या टोपलीला टेकून सासूबाई, मागे मी. गोदावरीच्या डोहात पाणी खोल आणि संथ, तिथं मी सासऱ्यांचंच वल्हं घेतलं. खोल पाण्यात रुंद पातं एका ओढीत डोंगा लांब ढकलतं, त्याचा तो मान मी कधी नाकारला नाही. दीर तरीही पुढे निघून गेला.

संगमाशी वळलो आणि त्या दिवशी समोरून उत्तरेचा गार वारा आला. प्राणहिता तिथं उथळ, खडकाखडकांतून पळणारी. ते पाणी बघून मला माहेर दिसलं. सासऱ्यांचं वल्हं आडवं ठेवलं आणि माझं हातात घेतलं. अरुंद पातं वाऱ्यात अडत नाही. दोन दगडांच्या फटीत शिरतं, तळाला टेकवून रेटा देता येतो, आणि दांडा माझ्या हनुवटीइतका, त्यामुळे खांदा उचलावाच लागत नाही. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. पुढे दीर रुंद पातं खडकावर आपटत, वाऱ्याला शिव्या देत एका जागी झगडत होता. मी त्याच्या बाजूनं पुढे निघून गेले. बोलायचं खूप मनात होतं, पण दम वल्ह्यासाठी ठेवला.

सासूबाई मात्र वळून म्हणाल्या, "काऊन रे, हाडं मोडून राह्यला?"

घाटाला लागलो तेव्हा बाजार नुकता मांडत होते. मासळीचे कल्ले लालभडक. सासूबाईंनी तेलुगूत अशी काही हाळी घातली की गिऱ्हाईक आमच्याकडेच वळलं. दीर आला तेव्हा आमची टोपली रिकामी होती, आणि ती पालथी घालून तिच्यावर मी पाय पसरून बसले होते.

त्या दिवसानंतर डोंगा दिराला द्यायचं नाव कोणी काढलं नाही. सासूबाईंनी सासऱ्यांच्या वल्ह्याला हळदकुंकू लावून ते परत खुंट्यांवर ठेवलं, आणि बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता नदीची क्षमा मागतील.

त्या वळल्या, पदर खोचला आणि मला घेऊन वाढयाच्या दारात गेल्या. वाकलेली पाठ होईल तेवढी सरळ केली. उजवा हात वर जात नव्हता, म्हणून डाव्या हातानं स्वतःची हनुवटी दाखवली.

"माह्यंबी माप घे," त्या म्हणाल्या.