अठरा जणांची मालकीण

रायपूरजवळच्या रुआबांध्याला घराच्या खालच्या मजल्यावर मी मेस चालवते. पोलादाच्या प्लांटमध्ये कंत्राटावर काम करणारी मुलं, कॉलेजची मुलं आणि त्या वर्षी एका फुटबॉल संघाचे अठरा खेळाडू माझ्याकडे जेवायचे. संघ हौशी नव्हता. राज्यात नव्यानं सुरू झालेल्या व्यावसायिक लीगमधला होता. मुलांचे करार होते, महिन्याचा पगार होता. मालक एक ट्रान्सपोर्टवाला. त्याची हौस दोन सीझन टिकली. तिसरा सुरू व्हायला तीन आठवडे उरले असताना त्यानं कोचला निरोप पाठवला, ज्याला पाहिजे त्यानं संघ फुकट घ्यावा, मला आता जमत नाही.

कोच आमच्याच बाजूचे, भंडाऱ्याकडचे. प्लांटमधून रिटायर झालेले. त्या दुपारी मुलं जेवून गेली तरी ते ताटातला भात चिवडत बसून राहिले.

"वहिनी, पैसे द्याले चार जण तयार आहेत," ते म्हणाले. "सिव्हिक सेंटरचे दोन दुकानदार अन् माझे दोन जुने सोबती. पण मालक म्हणून सही कराले कोणीच तयार नाही."

"कावून?"

"जबाबदारी येते ना. मैदान, अँब्युलन्स, डॉक्टर. काही झालं त मालकालेच धरतात."

"अन् सही नाही झाली त?"

"त संघ बाद. पोरं आपापल्या घरी."

मला तेव्हा ऑफसाइड म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. पण कोण भेंडीला हात लावत नाही, कोण चौदा पोळ्या खातो आणि कोणाला घरून फोन आला की जेवण जात नाही, हे मला माहीत होतं. शिवाय खरं सांगायचं तर, 'संघमालकीण' हा शब्द मनात दोन-तीनदा म्हणून पाहिला तेव्हा बरं वाटलं.

आमचे हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. दुर्ग लाइनवर तीस वर्षं काढलेली. मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला आणि चौथ्या पानावर बोट ठेवलं. 'खेळाडूंच्या प्रकृतीची व सुरक्षिततेची संपूर्ण जबाबदारी संघमालकाची राहील.'

"हे वाचलं का तू?"

"वाचलं."

"मंग कर सही. वाचून करशील त माही ना नाही."

मी सही केली.

पुढचे तीन आठवडे मी धावत होते. मैदानाचं परवानगीपत्र, गोलची नवी जाळी, स्ट्रेचर, सामना संपेपर्यंत मैदानाशी उभी राहणारी अँब्युलन्स. लीगकडून तपासणीला आलेल्या माणसानं सगळ्यात आधी पाहुण्या संघाच्या खोलीतला नळ उघडला आणि त्यातून गंजाचं लाल पाणी आलं. मी तिथंच खुर्ची घेऊन बसले आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत त्याला हलू दिलं नाही. त्यानं हसत शेरा लिहिला, 'समाधानकारक'. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, संघ सांभाळणं म्हणजे लग्नघर सांभाळणंच आहे, मला जमेल.

मग आला डॉक्टरांचा कागद.

लीगच्या नियमाप्रमाणे अठराही जणांचा ईसीजी काढायचा होता. सतरा जणांच्या कागदांवर डॉक्टरांनी 'फिट' लिहून शिक्का मारला. अठरावा कागद त्यांनी बाजूला ठेवला. तो डाव्या बाजूनं खेळणाऱ्या मुलाचा होता. दल्ली राजहऱ्याचा, बावीस वर्षांचा, वडील तिकडे खाणीत कामाला. गेल्या सीझनचे निम्मे गोल त्याचे. चौदा पोळ्या खाणारा तोच.

"ग्राफ थोडा वेगळा आहे," डॉक्टर म्हणाले. "खेळाडूंच्यात असं दिसतं, बहुतेक काही नसेलही. पण हृदयाच्या डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय मी फिट लिहिणार नाही."

रायपूरच्या डॉक्टरांची वेळ मिळाली मंगळवारची. सीझनचा पहिला सामना होता त्याआधीच्या रविवारी, आमच्याच मैदानावर.

शुक्रवारी कोच मेसमध्ये आले. त्यांच्या हातात एक जुना कागद होता. "वहिनी, हे पाहा. मागच्या वर्षीचं फिटनेस. वर्ष पुरं व्हाले अजून बारा दिवस आहेत. हे लावलं त नियमातच बसते. तुमची एक सही पाह्यजे."

"डॉक्टर काय म्हणाले ते तुमाले सांगितलं ना मी?"

"बहुतेक काही नाही, असंच म्हणाले ना ते? पोरगा घोड्यासारखा धावून राहिला, वहिनी. त्याच्याशिवाय आपण हारतो."

मुलगा त्यांच्या मागंच उभा होता. तो पुढं आला. "आंटी, मुझे कुछ नहीं है। सच में। स्टेट टीम का सिलेक्टर आने वाला है संडे को, रायपुर से। प्लीज़।"

मी त्याच्याकडे पाहिलं. अंगावर घाम होता, नुकताच सरावावरून आलेला, डोळे चमकत होते. ह्याला काही झालं असेल असं मलाही वाटत नव्हतं. पेन माझ्या हातात होतं. सही केली असती तर सगळे खूश झाले असते, आणि बहुतेक काही झालंही नसतं. त्या 'बहुतेक' शब्दापाशी माझा हात अडला.

मी आत गेले. हे मागच्या ओसरीत लसूण सोलत बसले होते, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मी विचारलं, "काय करू?"

"मले कावून विचारतेस? सही तुही आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "ब्रेक तपासल्याचं सर्टिफिकेट हाती आल्याशिवाय मी गाडी सोडत नव्हतो. ड्रायव्हर शिव्या दे, कंट्रोलवाले शिव्या दे. पण ते माह्या नोकरीत होतं. तुह्या नोकरीत काय आहे ते तू पाह्य."

मी बाहेर येऊन कागद कोचना परत दिला. "नाही, भाऊ. हा रविवारी खेळणार नाही."

कोच कागद खिशात घालून निघून गेले. मुलगा म्हणाला, "आपको फुटबॉल का कुछ पता भी है?" आणि तोही गेला. त्यानं विचारलं त्यात खोटं काही नव्हतं, म्हणूनच ते जास्त लागलं.

रविवारी आम्ही दोन-एकनं हरलो. डावी बाजू सगळी मोकळी पडली होती, हे मलासुद्धा कळत होतं. स्टँडमधून कोणीतरी ओरडलं, "मालकीणबाई, पोळ्याच लाटा!" लोक हसले. मी पदर नीट केला आणि बसून राहिले. पोरगा बेंचवरही आला नाही. शनिवारपासून जेवायलाही आला नव्हता. शेवटी मी सोमवारी त्याच्या खोलीवर डबा घेऊन गेले. त्यानं दार उघडलं, डबा घेतला आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी सकाळी पॉवर हाऊस स्टेशनवरून तो आणि मी रायपूरला गेलो. गाडीत तो खिडकीकडे तोंड करून बसला. दवाखान्यात आधी त्याच्या हृदयाची इको तपासणी झाली, मग ट्रेडमिलच्या पट्ट्यावर धावायला लावलं. मी बाहेर बाकावर. तोवर मी त्याच्यावर रागावले होते, स्वतःवर रागावले होते. पण त्या बंद दारासमोर बसल्यावर राग कुठल्या कुठं गेला. दार उघडून कोणी काहीतरी वाईट सांगेल, मग मी ह्याच्या आईला काय सांगू, एवढंच डोक्यात होतं. मुलाच्या आईला मी कधी पाहिलंही नव्हतं.

पाऊण तासानं डॉक्टरीणबाई स्वतः बाहेर आल्या. "हृदय उत्तम आहे," त्या म्हणाल्या. "रोज मेहनत करणाऱ्यांचा ग्राफ कधीकधी असा येतो. खेळू द्या त्याला, काही हरकत नाही."

मी उठायला गेले. परत बसले आणि रडायला लागले, भर दवाखान्यात. पोरगा कागद हातात घेऊन आला, मला पाहून गोंधळला. "आंटी, रिपोर्ट तो ठीक है।"

"इसीलिए तो," मी म्हटलं.

तो शेजारी बसला. मग त्यानं घरी फोन लावला, आईला त्यांच्या बोलीत भराभर सगळं सांगितलं. तिला त्यानं आजपर्यंत काहीच कळू दिलं नव्हतं. मधेच त्यानं फोन माझ्या हातात दिला. पलीकडून बाई एवढंच म्हणाली, "बने करे दीदी. बने करे." चांगलं केलंस.

पुढं कोणी कोणी म्हणालं, उगाच एक सामना घालवला. त्यांचं बरोबरच होतं, सामना उगाचच गेला. मला त्याचं आजवर वाईट वाटलेलं नाही. रिपोर्ट वाईट आला असता तर मी शहाणी ठरले असते, पण मला तो शहाणपणा नको होता.

सिलेक्टर त्या सीझनला पुन्हा आला नाही, हेही खरं. मुलानं ते मला कधी ऐकवलं नाही. आम्ही लीगमध्ये पाचवे आलो. दोन वर्षांनी कोचच्या सोबत्यांनी रीतसर सोसायटी केली आणि संघ तिच्या नावे करायची सही करून मी मोकळी झाले. त्या दिवशी दुपारी मी मस्त झोपले.

पण तो पहिला सीझन अर्धा झाला असतानाचं एक आठवतं. मी सरावाला केळी घेऊन गेले होते. गोलकीपर गुडघा चोळत होता आणि कोच त्याला मैदानाबाहेर काढत होते. तो म्हणत होता, सर, जरासंच दुखतं.

"जरासंच दुखते त एक्स-रे पण जरासाच निघंल," कोच म्हणाले. "चल, गाडीवर बस."

मला पाहून त्यांनी मान वळवली, गाडीला किक मारली आणि त्याला मागं बसवून दवाखान्याकडे घेऊन गेले. मी केळी वाटली आणि बाकीच्यांचा सराव बघत उभी राहिले. डाव्या बाजूचा पोरगा पास सुटायच्या आधीच बचावफळीच्या पुढं पळाला, बाकीचे 'ऑफसाइड' ओरडले, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मला ऑफसाइड कळलं.