अंदमानला नेलेला गहू

आमच्या दिग्रसमध्ये त्या काळी समुद्र पाहिलेला माणूस शोधायचा तर मिस्त्रीचाचांच्या दुकानात जावं लागे. बाकीच्यांनी अरुणावतीचा पूर पाहिलेला होता आणि तेवढ्या भांडवलावर ते समुद्राबद्दल बिनधास्त बोलत.

चाचा कापसाच्या जिनातली आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. तरुणपणी चार वर्षं ते अंदमानला होते. जंगलातून लाकडाचे ओंडके ओढणारी यंत्रं तिथं होती, त्यांच्या दुरुस्तीला. परत आल्यावर त्यांनी पंधरा-वीस वर्षं अंदमानबद्दल सांगितलं आणि गावानं ते ऐकून सोडून दिलं, कारण तिथं जायचं होतं कुणाला? मग महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली असतील तेव्हा, एका चैत्रात, आम्हालाच जायची पाळी आली.

झालं असं. माझी थोरली बहीण लग्न होऊन आधी पांढरकवड्याला गेली. तिचा नवरा जंगलखात्यात, सागवानाची पारख असलेला. त्याची ती पारख वरच्यांच्या नजरेत भरली आणि त्याला उचलून थेट अंदमानात पाठवलं. ताई गेली त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. आणि आता तिचं पत्र आलं की तिला सातवा महिना सरत आलाय, आणि तिथल्या डॉक्टरनं बोटीच्या प्रवासाला साफ नाही म्हटलंय.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे आमच्याकडं ठरलेलं. ते हुकलं तर मुलीला कुणी नाही असं लोक म्हणतात. लोक म्हणोत न म्हणोत, आईला स्वतःलाच तसं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी जेवताना ती बाबांच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "ते येऊ शकत नाही तं आपण माहेरच तिकडं घेऊन जाऊ."

बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांनी आधी नकाशा काढला, मग भिंग काढलं. बंगालच्या उपसागरात तीळ सांडावेत तशी ती बेटं होती. त्यावर आईनं बोट ठेवलं तर सगळी झाकली गेली. "एवढुशी जागा? अन् पोरगी कुठं राह्यते यात?" ती म्हणाली. माझी आई तोवर अमरावतीपलीकडं गेलेली नव्हती.

बातमी आळीत पसरली आणि आमच्या ओसरीवर सल्ल्यांचा बाजार भरला. "काळ्या पाण्यावर? काय गुन्हा केला माय पोरीनं?" असं म्हणत एक म्हातारी रडायलाच बसली. तिला चहा देऊन उठवावं लागलं. कुणी सांगितलं, गावची माती पुडीत बांधून न्या, तिकडच्या पाण्यात चिमूटभर टाका, पाणी बाधत नाही. कुणी म्हणालं, उन्हाचे दिवस आहेत, प्रत्येकाच्या खिशात कांदा ठेवा. छागल तर सगळ्यांनीच सांगितली. आमच्या मुलखात उन्हाळ्यात छागलीशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. जाड कापडाची ती पिशवी मोटारीच्या दांडीला अडकवली की वाऱ्यानं आतलं पाणी माठासारखं गार होतं.

शेवटी बाबा चाचांनाच घरी घेऊन आले. चाचांची एवढ्या वर्षांनी कदर होत होती. धुतलेला सदरा घालून आले आणि माझ्या हाती वही दिली. "लिही बेटा. मी सांगून राह्यलो ते एकेक लिही."

मी सतरा वर्षांची होते, मॅट्रिकची परीक्षा देऊन मोकळी. ती वही मी पुढं कितीतरी वर्षं जपली.

"पहिली गोष्ट, बोटीवर जागा मधात घ्या. टोकाले घेतली तं आतडे तोंडात येते. पाण्याकडं खाली पाहू नका, लांब पाहा. पोट रिकामं ठेवू नका, मुरमुरे अन् लिंबाचं लोणचं खात राहा. बोटीतून उतरल्यावर दोन दिवस जमीन हालते. ते तुमचं डोकं हालून राह्यलं असते, जमीन नाही. बसून जा. जंगलात जळवा असते, पायाले तंबाखूचं पाणी लावा, कमरेले मिठाची पुडी ठेवा. नारळाच्या झाडाखाली झोपू नका. चपला समुद्राच्या काठावर सोडू नका, पाणी येते अन् घेऊन जाते. माझे दोन जोड गेले. काडीपेटी डब्यात तांदळात पुरून ठेवा, नाहीतं पेटत नाही."

"छागल?" आईनं विचारलं.

"काही कामाची नाही, भाभी. तिथं हवाच गिल्ली राह्यते. इथं कोरडी हवा पाणी पिऊन घेते म्हणून छागल थंडी होते. तिथं हवेचं पोट भरलेलं असते."

मला हे इतकं आवडलं की मी ते दोनदा लिहिलं. आईला नाही आवडलं. ती म्हणाली, "अन् मिस्त्रीभाऊ, वाळवण? मी गहू घेऊन जाईन म्हणते. तिथंच कुरडया करीन."

चाचांनी कपाळावर हात मारला. "भाभी, तिथं वैशाख सरत नाही तं पाऊस लागते. तिथं आपली लुंगी चार दिवस वाळत नाही, कुरडई कायची वाळते? करायच्याच तं इथं करा, वाळवा अन् डब्यात बंद करून न्या."

पण मी आईला ओळखून होते. ताईनं पत्रात लिहिलं होतं की इथं सगळं मिळतं, पण आपल्या कुरडयांच्या दिवसांची फार आठवण येते. आईच्या मनानं तेच धरलं. चाचा गेल्यावर ती मला म्हणाली, "तयार करून नेल्या तं ते पार्सल झालं. माहेर कसं होईन?"

एकीनं मात्र तिला पाठिंबा दिला. बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आमच्याकडं तूप घेऊन येणारी एक बाई होती. तिच्या भाषेत आईला याडी म्हणतात, म्हणून आम्ही मुलं तिला याडीच म्हणायचो. तिच्या आजा-पणजांनी बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून कुठून कुठवर मुलूख पालथा घातलेला. बेट म्हणजे काय ते तिला ठाऊक नव्हतं, पण मुक्काम हलवणं म्हणजे काय ते ठाऊक होतं. ती म्हणाली, "बाई, कुठंबी उतरा, पयले तीन दगड मांडून आपल्या घरचं कायतरी शिजवा. मंग ते जागा आपली होते. नाई शिजवलं तं सारी रात परक्याच्या अंगणात झोपल्यावानी वाटते."

झालं. दोन पायल्या बन्सी गहू, पितळेचा सोऱ्या, एक जाड पातेलं आणि बाबांचं जुनं धोतर, एवढं सामान त्या एका वाक्यावर वाढलं. बाबा ते ओझं उचलताना पुटपुटले, तर आई म्हणाली, "तुमच्या नकाशानं पोरीचं पोट भरते काय?"

दिग्रसहून यवतमाळ, तिथून वर्धा, वर्ध्याहून रेल्वेनं मद्रास आणि मग बोट. आईनं छागल आणलीच होती. बोटीच्या कठड्याला ती दोन दिवस टांगली आणि दोन दिवस तिच्यातून कोमट पाणी निघालं. तिसऱ्या दिवशी आईनं ती गुपचूप काढून ट्रंकेत ठेवली. कांद्यांचं आम्ही मुरमुऱ्यांबरोबर तोंडीलावणं केलं. लांब पाहायचा सल्ला मात्र खराच कामाचा निघाला. आई कठड्याशी बसून चार दिवस लांब पाहत राहिली. लांब काहीच नव्हतं, तरी तिला फार बरं वाटलं. "केवढं शेत हे," ती म्हणाली, "अन् कोणी पेरत नाही."

धक्क्यावर ताई उभी होती, भलं मोठं पोट घेऊन. आई तिच्याकडं धावली आणि दहा पावलांवर मटकन खाली बसली, कारण जमीन हालत होती. ताई घाबरली. मी हसत ओरडले, "बसू दे! वहीत लिहिलंय!"

जावयाचं घर लाकडाचं, खांबांवर उभं, वर पत्रा. शेजारी बंगाली, मद्रासी, केरळी, सगळी सरकारी माणसं. समोर समुद्र इतका निळा की बाबा त्याला धड निळा म्हणायलाही तयार नव्हते, ते त्याला मोरचुदी म्हणत. आम्ही वाळूत हिंडलो, चपला हातात धरून. शहाळी प्यायलो. एवढं सुख मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. फक्त आईचं लक्ष कुठंच नव्हतं. ती आल्यापासून एकदा आभाळाकडं पाही, एकदा ताईकडं पाही. तिनं आल्या दिवशीच गहू भिजत घातला होता.

तीन दिवस गहू भिजला. चौथ्या दिवशी तो वाटला, गाळला, त्यातून निघालेला चीक रात्रभर निवळू दिला. पाचव्या दिवशी सकाळी ऊन पडलं, चांगलं कडक ऊन. आईचा चेहरा उजळला. पातेल्यात पाणी, मीठ, हिंग, आणि मग चीक ओतून ती तो घोटायला लागली. तो वास सुटल्याबरोबर मी आणि ताई दोघी चुलीपाशी येऊन बसलो.

इथं एक सांगायला हवं. आमच्या घरी कुरडयांच्या दिवशी आम्हा मुलांची सगळी नजर कुरडईवर नाही, चिकावर असायची. गरम, लुसलुशीत चीक, वाटीत मधे खळगा करून त्यात तेल. पण चीक खाल्ला की कुरडया कमी होतात, आणि कुरडया वर्षभर पुरवायच्या असतात, पाहुण्यारावळ्यांना, सणावाराला. म्हणून आई प्रत्येकाला उलथण्याच्या टोकावर मावेल एवढाच चीक द्यायची. दुसऱ्यांदा हात पुढं केला की तेच उलथणं हातावर बसायचं. मी अजूनही त्याबद्दल तिला पुरतं माफ केलेलं नाही.

त्या दिवशीही तसंच झालं. उलथण्याच्या टोकावर एकेक घास दोघींना. गरोदर लेकीलाही तेवढाच. मग आईनं पायऱ्यांवर धोतर अंथरलं आणि सोऱ्यानं कुरडया पाडायला घेतल्या. सुंदर पडत होत्या. बंगाली शेजारीण कौतुकानं पाहायला आली. निम्मं धोतर भरलं असेल, तेवढ्यात समुद्राकडून पाऊस आला. आमच्याकडं पाऊस येतो तर आधी वारा सुटतो, धूळ उडते, माणसाला आवरायला वेळ मिळतो. तिथं असलं काही नव्हतं. आम्ही धोतराची चार टोकं धरून ते आत ओढेपर्यंत सगळ्या कुरडयांची पांढरी खळ झाली होती आणि पायऱ्यांवरून वाहत होती.

आई सोऱ्या हातात घेऊन चुलीपाशी बसली आणि रडायला लागली. "काहून आली मी एवढं घेऊन? मिस्त्रीभाऊ सांगत होते. पोरीले एक कुरडई नाही देऊ शकली. असं माहेर असते काय?"

बाबा काहीतरी समजावायला गेले, पण त्यांना जमेना. जावई पावसाकडं बघत उभा राहिला. ताई तेवढी उठली. कष्टानं वाकली, फळीवरची मोठी वाटी घेतली आणि आईच्या पुढ्यात धरली. पातेल्यात अजून निम्मा चीक होता, वाफाळता.

"आई, मले कुरडई नव्हती पाहिजे. मले हेच पाहिजे होतं. पोटभर. लहानपणापासून."

सवयीनं आईचा हात उलथण्याकडं गेला. मग तिनं उलथणं बाजूला ठेवलं, मोठा डाव घेतला आणि वाटी भरली. खळगा केला, तेल ओतलं. ती वाटी संपली तर दुसरी भरली. मग माझी, बाबांची, जावयाची, दारातल्या बंगालिणीची. तिनं आपल्या मुलांना हाक मारली, मुलांनी मद्रासी शेजाऱ्यांना. पाऊस पत्र्यावर बडवत होता आणि त्या लाकडी घरात पंधरा माणसं बोटं चाटत होती. शेवटी आईनं पातेल्याच्या बुडाची खरपुडी खरवडून ताईच्या तोंडात घातली, आणि ताई म्हणाली, "आता कसं घरी आल्यावानी वाटते." आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

बारा दिवसांनी भाची झाली. ती रडली तेव्हाही पाऊसच होता.

आम्ही दिग्रसला परतलो तेव्हा ओसरीवर पुन्हा बाजार भरला. सगळ्यांत पुढं चाचा. "भाभी, वाळल्या का कुरडया?"

"एक नाही वाळली, भाऊ. पण उरलीबी नाही."

चाचा खूश झाले. त्यानंतर गावात कुणी यात्रेला निघो की लेकीच्या गावाला, लोक त्याला चाचांकडं पाठवत आणि चाचा त्याला आमच्याकडं पाठवत. आई सगळ्यांना एकच सांगायची: गहू न्या, पण वाळवायले नेऊ नका, खायले न्या.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं होतं, दूर तिकडं भोपाळकडं. आमच्या गच्चीवर कुरडया चालू होत्या, ऊन असं की पाय ठेववत नव्हता. मी चुलीपाशी गेले आणि लहानपणापासूनच्या सवयीनं हात जरा मागंच ठेवला. आईनं वर न पाहता मोठी वाटी भरली, खळगा केला, तेल ओतलं आणि माझ्या हातात दिली.

"कुरडया कमी होतील," मी म्हणाले.

"होऊ दे," ती म्हणाली. "खाय तू."

मला रडू आलं. तरी मी दोन वाट्या खाल्ल्या.