एक मूठ आणि दोन बोटं

चपला काढून, आरंभबिंदूला हात जोडल्याशिवाय आलेखकागदावर पेन्सिल न टेकवणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा व्याही निघावा, ही माझ्या जन्मभराच्या मास्तरकीला मिळालेली पावती समजायची की शिक्षा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी रत्नागिरीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालो. मुलीने लग्न ठरवलं ते खाडीपलीकडच्या, पिढ्यान् पिढ्या मासेमारीत असलेल्या घरात. जावई पुण्यात कंप्युटरवर काम करतो आणि होडीत पाय ठेवला की त्याला मळमळायला लागतं. त्याचे वडील मात्र सत्तरी उलटली तरी आपली छोटी मशीनवाली होडी घेऊन एकटेच समुद्रात जात.

व्याह्यांचा पहिला विशेष म्हणजे त्यांच्याकडून 'कुठे' या प्रश्नाचं उत्तर आजवर कुणालाही मिळालेलं नाही. होडीकडे निघालेल्या माणसाला कुठे जातोस विचारू नये, ही किनाऱ्यावरची जुनी रीत. आमच्या व्याह्यांनी ती जमिनीवरही लागू केली होती. लग्नाच्या दिवशी आमच्याकडच्या एका पाहुण्याने त्यांना जेवणाचा मंडप कुठे आहे म्हणून विचारलं, तर हे म्हणाले, "हाय तिथंच हाय." बिचारा पाहुणा शेवटी वासावर पोचला. एवढी ताजी तांबोशी कुठून आणता, असं बाजारात कुणी विचारलं तर उत्तर ठरलेलं: "पाण्यातून." दुसरा विशेष असा की ते कधी बोट दाखवत नसत. काही दाखवायचंच झालं तर हनुवटी किंचित उचलत, तीही भलत्याच दिशेला. माझ्या बायकोचं मत असं होतं की हा मनुष्य देवापुढेही नवस पूर्ण बोलत नसेल.

असे हे व्याही एका रविवारी सकाळी आमच्या दारात उभे राहिले. हातात एक नवी कोरी कंपासपेटी, आणि चेहरा दवाखान्यात आल्यासारखा. म्हणाले, "मास्तर, माका भूमिती शिकवा."

मी हसणार होतो, पण हसलो नाही ते बरं झालं. कारण मला नंतर कळलं ते आधीच सांगून टाकतो. व्याह्यांची समुद्रातली एक जागा हरवली होती. पाण्याखाली एक खडक आहे, त्याच्या आसऱ्याला मासळी राहते, आणि तो फक्त त्यांच्या घराण्याला ठाऊक. अशी जागा ओळखायची ती किनाऱ्यावरच्या खुणांवरून. देवळाचं शिखर बरोबर डोंगराच्या खिंडीत दिसलं की पहिली खूण जुळली. दीपगृह एका काळ्या कड्याच्या रेषेत आलं की दुसरी. दोन्ही एकदम जुळल्या की होडी खडकावर. ही खूण बापाने मुलाला सांगायची, आणि तीही होडीतच, जमिनीवर नाही. आता गंमत बघा. गावाने देवळाचा जीर्णोद्धार काढला तेव्हा शिखर चांगलं उंच आणि रुंद असावं, दर्यातून कुणालाही दिसावं, म्हणून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडलं? आमचे व्याही. शिखर झालं, कलश चढला, प्रसाद वाटून झाला, आणि व्याही होडी घेऊन गेले तर नव्या शिखराने मागची खिंड पार झाकून टाकलेली! भक्तिभावाने स्वतःच्या हातांनी स्वतःची खूण बुजवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही. बरं, हे दुःख सांगायचीही सोय नव्हती, कारण दुःख सांगितलं की खूण सांगितली गेली. त्यातच डॉक्टरांनी डोळे तपासून बजावलं होतं की हा हंगाम शेवटचा, पुढे समुद्र बंद. पाऊस लागायच्या आत जागा सापडली नाही, तर ती त्यांच्याबरोबरच जाणार होती. म्हणून त्यांना उत्तर नको होतं, मला न सांगता उत्तर काढायची विद्या हवी होती.

हातात उरलं होतं ते एवढंच: दीपगृह आणि कडा यांची एक रेषा, आणि त्यांच्या वडिलांनी सांगितलेली एक जोडखूण. त्या जागेवरून हात लांब करून मूठ धरली, तर देऊळ आणि दीपगृह यांच्यामध्ये बरोबर एक मूठ आणि दोन बोटं मावतात. अर्थात मला हे त्यांनी असं सांगितलं नाही. मला सांगितलं, "समजा, एक एष्टी स्टँड हाय नि एक मच्छी मार्केट. दोगांच्या मधी मूठभर नि दोन बोटं जागा दिसली पायजे. तर मानसानं खंय उभा रवायचा?" मी विचारलं, "अहो, पण स्टँड आणि मार्केट असं मुठीत धरायचंय कशाला?" ते म्हणाले, "समजा म्हटला ना."

त्यांची पहिली शंका ऐकून मी उडालोच. म्हणाले, "माज्या बापसाची मूठ माज्या मुठीच्या दीडपट. मग माप चुकला नाय?" वर्गात एवढा चांगला प्रश्न मला कुणी विचारल्याचं आठवत नाही. मी समरूप त्रिकोण काढून दाखवले: मोठ्या माणसाची मूठ मोठी, पण त्याचा हातही लांब, म्हणून डोळ्याशी होणारा कोन जवळपास तोच. त्यांनी माझा हात धरून माझी मूठ मोजली, मग बायकोला बोलावून तिची मोजायला लावली. ती स्वयंपाक सोडून आली होती, तिची मूठ तेव्हा फार आवळलेली होती.

कागदावरचा सिद्धांत मात्र त्यांना पटेना. तेव्हा मी घरापुढच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, दोन खुंट्या ठोकल्या आणि म्हटलं, "आता दोन्ही खुंट्या मुठीच्या दोन कडांना ठेवून चाला. हात आखडायचा नाही." व्याही हात ताणून, एक डोळा मिटून, आडवे आडवे चालू लागले. पावलागणिक मी एक शिंपला ठेवत गेलो. शेजारच्या वहिनी कपडे वाळत घालता घालता थांबल्या. म्हातारा माणूस मूठ रोखून आपल्याच दिशेने सरकतोय, हे पाहून त्यांनी आधी बादली उचलली आणि मग नवऱ्याला हाक मारली. पण शिंपले पाहून व्याही तिथेच उकिडवे बसले. शिंपल्यांचा सुरेख गोल कंस झाला होता, आणि त्याची टोकं दोन्ही खुंट्यांकडे वळली होती. "म्हंजे मूठ तीच ठेवली, तर मानूस गोलातच फिरतो!" ते म्हणाले, आणि कितीतरी वेळ तिथून उठले नाहीत. मी हे प्रमेय इतकी वर्षं फळ्यावर सिद्ध करत आलो होतो, पण त्यावर चालून पाहिलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. मला फार आनंद झाला.

गोल मिळाला, रेषा होतीच. दोन्ही जिथे छेदतील ती जागा. पण कागदावर पेन्सिलीच्या टोकाखाली समुद्राचा केवढा तरी तुकडा झाकला जातो, हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. मग निर्देशकांना शरण जाणं आलं, आणि त्याबरोबर बीजगणितालाही. इथे आमची पहिली लढाई झाली. पश्चिमेकडची बाजू वजा म्हटल्यावर व्याह्यांनी कंपासपेटी मिटली. "मी वजात जानार नाय." शेवटी मी अक्ष फिरवला आणि पश्चिम अधिक केली. क्ष म्हणजे कोण, हे त्यांना महिनाभर कळलं नाही, आणि जेव्हा कळलं तेव्हा ते खूष झाले. नाव न सांगता ज्याच्याबद्दल बोलता येतं असा हा गडी त्यांच्या स्वभावालाच धरून होता. कंस सोडवताना चिन्ह चुकलं की ते स्वतःच्या गालात मारून घेत. वर्गसमीकरणाने मात्र त्यांना हादरवलं, कारण उत्तरं दोन आली. एक कुठेतरी दूर, आणि दुसरं थेट मच्छी मार्केटात, म्हणजे खरं तर दीपगृहातच. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मार्केटात उभा ऱ्हायलो तर मार्केट मुठीत कसा गावेल? ता उत्तर सोडा." मग खरे आकडे घालायला ते कागद घेऊन घरी गेले.

मे महिन्यात एका सकाळी ते आले ते कंपासपेटीशिवाय. "चला," म्हणाले. कुठे, असं मी विचारलं नाही. तेवढं मी शिकलो होतो.

होडीत मी घट्ट बसलो होतो. कड्याच्या रेषेवरून हिशेबातलं अंतर कापल्यावर त्यांनी मशीन बंद केलं आणि तळ चाचपायला शिसं बांधलेली दोरी पाण्यात सोडली. चिखल. थोडं पुढे, पुन्हा चिखल. गणित माझं, मूठ त्यांची, आणि डोक्यावर ऊन चढत चाललेलं. अर्धी सकाळ आम्ही त्या तुकड्यात घिरट्या घातल्या. मग एकदा त्यांनी दोरी हाताशी थोडी उचलली, परत सोडली, आणि माझ्या हातात दिली. खाली टणक काहीतरी होतं. व्याह्यांनी टोपी काढून तोंड पुसलं, ते बराच वेळ पुसतच राहिले. मग मला सगळं सांगितलं: कोणतं देऊळ, कोणता कडा. आरंभबिंदू म्हणजे ते देऊळच होतं, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हटलं, "मला कशाला सांगताय? मला पोहताही येत नाही. मुलाला सांगा."

"तो फोनात टाकील. फोनातला एकट्याचा ऱ्हातो काय?" ते म्हणाले. "आपल्या नातीला सांगा. पन आदी भूमिती शिकवा तिला. नुसती जागा दिलीत, तर उद्या पुन्ना कोन देऊळ बांधील नि ती काय करील? शोधायचा कसा ता आदी द्या. ती मोठी होईतवर माका काय जमायचा नाय, मास्तर. तुमाला जमवाया हवा."

त्यांची होडी आता किनाऱ्यावर झाकून ठेवलेली आहे. रविवारी ते येत नाहीत. मीच पलीकडे जातो, आणि आम्ही ओटीवर बसून चहा पितो, समुद्राविषयी फारसं बोलत नाही. देऊळ कोणतं ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही, तेव्हा तुम्हाला सांगेन ही आशा सोडा. नात आमची दोन वर्षांची आहे, पुण्याला असते, आणि सध्या तिला गोल म्हणजे फक्त पोळी ठाऊक आहे. वर्तुळाचं ते प्रमेय तिला दहावीत भेटेल, तोवर मी ऐंशी ओलांडलेली असेन. हल्ली मी गोळ्या वेळेवर घेतो, मीठ कमी केलं आहे, आणि रोज पहाटे मांडवीच्या किनाऱ्यापर्यंत चालून येतो. बायकोला वाटतं, मी शेवटी तिचं ऐकायला लागलो. खरं म्हणजे मला एवढंच हवं आहे की ती पोर दहावीत जाईपर्यंत मी असावं.