बत्तीस एमबीचा शब्द

बाबांच्या घशाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज राहणार नाही. बाबांनी मान हलवली आणि विचारलं, "जेवता येईल ना?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही. तिथूनच दुसऱ्या शिफ्टसाठी कंपनीची बस पकडली आणि चाकणपर्यंत रडत गेले. शेजारची बाई सगळा वेळ खिडकीबाहेर बघत राहिली, हे तिने फार बरं केलं.

त्याच हॉस्पिटलात स्पीच थेरपीच्या मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, ऑपरेशनला दोन आठवडे आहेत, तोवर यांच्या आवाजात रोजचे शब्द रेकॉर्ड करून ठेवा. नंतर मोबाइलमध्ये एक ॲप टाकू. बटण दाबलं की यांचाच आवाज येईल. एका फाइलमध्ये एकच शब्द घ्यायचा, म्हणजे प्रत्येक शब्दाला आपलं बटण मिळेल. सगळं पेनड्राइव्हमध्ये घालून आणायचं.

दापोडीच्या घरात आम्ही दोघंच. आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि भाऊ बदली होऊन बायकोमुलासह गुजरातेत साणंदला गेलेला. पेनड्राइव्ह घरातच सापडला, सोळा जीबीचा. भावाने आपल्या लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर दाखवायला तो फॉरमॅट करून ठेवला होता. व्हिडिओची दुसरी प्रत त्याच्याकडे होती, म्हणून मी यातला काढून टाकला आणि पेनड्राइव्ह रिकामा केला. लॅपटॉपही त्याचाच जुना. त्याची डिस्क कधी मान टाकेल याचा भरवसा नव्हता, म्हणून रेकॉर्डिंग थेट पेनड्राइव्हवर ठेवायचं ठरलं.

बाबा पिंपरीच्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. ती कंपनी बंद पडली, पण हाती येईल ते आधी मोजायची सवय काही गेली नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाले, "वर सोळा छापलंय आणि हितं चौदा पॉइंट काहीतरी दाखवतंय. बाकीचे कुणी खाल्ले?" मी सांगितलं, विकणाऱ्याची मोजायची रीत वेगळी आणि कॉम्प्युटरची वेगळी. शिवाय फॉरमॅट केलं की थोडी जागा त्याच्या स्वतःच्या नोंदींना लागते.

"म्हणजे गोणीसकट वजन," बाबा म्हणाले.

मी पहिली शिफ्ट मागून घेतली. संध्याकाळी घरी आले की चहा घेऊन आम्ही बसायचो. घराच्या मागूनच रेल्वे जाते. लोकल आली की थांबायचं, ती गेली की बाबा खाकरून तयार. आवाज आधीच घोगरा झालेला, तरी तो त्यांचाच होता. पहिला शब्द घेतला "जयभीम". मग पाणी, चहा, पंखा लाव, पंखा बंद कर. एकदा अंगात आल्यावर त्यांना आवरणं कठीण झालं. "नको" तीन प्रकारचे रेकॉर्ड केले: एक जेवताना वाढणाऱ्याला सांगायचा, एक खराखुरा, आणि एक पुन्हा आग्रह करा म्हणून. भाज्यांची नावं झाली. "अरे गाढवा" झालं. "टीव्हीचा आवाज कमी करा, माणसं राहतात हितं," हेही झालं. हे कोणासाठी, विचारलं, तर म्हणाले, वरच्या मजल्यासाठी.

"बाबा, आता माझं नाव घ्या," मी म्हटलं.

"घेऊ की. तू काय पळून चाललीयेस?"

मला ते हवं होतं. उघडच सांगते, बाकी सगळ्या शब्दांपेक्षा मला तेवढंच हवं होतं. बाबा माझं नाव घेताना शेवटचं अक्षर जरा लांबवतात. तसं दुसरं कोणी म्हणत नाही. कंपनीत मी क्वालिटीवाल्या मॅडम, गल्लीत मी अमक्याची मुलगी. नावाने हाक मारणारं माणूस आई गेल्यापासून घरात एकच उरलं होतं.

पहिला आठवडा संपता संपता मी सहज पेनड्राइव्ह किती भरला ते दाखवणारी निळी पट्टी स्क्रीनवर बघितली, तर ती अर्ध्याच्या पुढे गेलेली. आवाजाच्या फाइली जड असतील असं मी धरून चालले. म्हटलं, येताना नवीन पेनड्राइव्ह आणते, त्यात काय. बाबांनी साफ नाही म्हटलं. आता प्रत्येक शब्दामागे खोकल्याची उबळ यायची, रुमालाला लाल लागायचं.

"जागा संपंल तिथं थांबायचं," ते म्हणाले. "न्हाईतर मी बोलतच बसंन, आणि घसा काय ऐकायचा न्हाई."

त्या पट्टीने त्यांना माप आखून दिलं. त्या दिवसापासून बाबा कंजूष झाले. शिव्या बंद, भाज्या बंद. शब्द घेण्याआधी डोळे मिटून बसायचे आणि मग ठरवायचे, हा लागेल की नाही. माणसांची नावंही तोलूनमापून घेतली. भाऊ, वहिनी, नातू, विहारातले दोन मित्र. आईचंही नाव घेतलं. ते कधी लागणार, असं मी विचारलं नाही. त्या संध्याकाळी पुढचा शब्द घेतला नाही, मी लॅपटॉप मिटला.

ॲडमिट व्हायच्या आदल्या संध्याकाळी आत्या भेटायला आली. पट्टी लाल झाली होती. आत्या समोर डोळे पुसत बसलेली, म्हणून बाबांनी तिचं नाव घेतलं. ते सेव्ह झालं आणि पुढचा शब्द घ्यायला गेले तर स्क्रीनवर चौकट आली, जागा शिल्लक नाही.

"थांबा, मोबाइलमध्ये घेते," मी म्हटलं. "माझं राहिलंय."

बाबांनी माझा हात धरून खाली ठेवला. "तू कुठं जाणार हायस? समोरच असतीस. तुला हाक मारायला मशीन कशाला?" एवढं बोलायलाच त्यांना दोनदा थांबावं लागलं. पुढे मी काय आग्रह करणार?

ऑपरेशन चांगलं झालं. पंधरवड्याने मॅडमना फाइली द्यायच्या म्हणून मी लॅपटॉप उघडला. सगळे शब्द निवडले, तर त्यांचा एकूण आकार दोन गाण्यांएवढासुद्धा भरेना. त्याच्याच खाली, डिस्कवर व्यापलेली जागा म्हणून आकडा होता, तो मात्र चौदा जीबीच्या घरातला. मी साणंदला फोन लावला.

भावाने ऐकून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, ते माझ्यामुळे असेल. फॉरमॅट म्हणजे आत कप्पे पाडणं. व्हिडिओ अडकू नये म्हणून मी एका कप्प्यासाठी सगळ्यांत मोठा आकडा निवडला होता, बत्तीस एमबी. मोठ्या फाइलला तो चालतो. पण फाइल केवढीही बारकी असली तरी तिला अख्खा कप्पा लागतो. उरलेली जागा दुसऱ्या कोणाला मिळत नाही."

म्हणजे "पाणी" या एका शब्दाने बत्तीस एमबी अडवले होते. "चहा"ने बत्तीस. पेनड्राइव्ह भरलाच नव्हता, नुसता अडून बसला होता. मला भयंकर राग आला. भावाचा म्हणावा तर त्याने बिचाऱ्याने लग्नाच्या व्हिडिओसाठी केलेलं, आणि तो तर फोनवरच रडायला लागला. मी फोन ठेवला आणि न्हाणीघरात नळ सोडून ओरडले.

मग शब्द लॅपटॉपवर घेतले, पेनड्राइव्ह लहान कप्प्यांचा फॉरमॅट केला आणि शब्द परत भरले. सगळेच्या सगळे आले. पट्टीत निळा रंग दिसेना, इतकी जागा उरली. जन्मभराची बडबड मावली असती.

बाबांना मी सांगणार नव्हते, पण माझं तोंड बघून त्यांनी खुणेने विचारलंच. समजावायला फार लागलं नाही. त्यांनी पाटी ओढली आणि लिहिलं, "एका डब्यात एक वॉशर." वर माझ्याकडे बघितलं. जुन्या सवयीने तोंड उघडलं, गळ्यावरच्या छिद्रातून नुसती हवा आली. मी उठून भाताला लागले.

जुन्या मोबाइलांतही शोधून झालं. लग्नाच्या व्हिडिओत बाबा भावाला हाका मारताना ऐकू येतात, मला नाही; मी त्यांच्या शेजारीच उभी आहे. त्यांचे व्हॉइस मेसेज भावाकडे आहेत, आत्याकडे आहेत. घरातल्या घरात मला कोण कशाला पाठवेल?

आता बाबांना ॲप चांगलं जमतं. साणंदचा व्हिडिओ कॉल आला की बटण दाबून नातवाला नावाने हाक मारतात, आणि तो तिकडून "आजोबा" म्हणून किंचाळतो. आत्या आली की तिचं नाव वाजतं. मी स्वयंपाकघरात असले की बाबा चमचा घेऊन खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवतात, आणि मी आतून ओ देते.