सर्वणच्या व्हाळात छत्री उघडून

गोवा राज्य झालं त्या वर्षी पेडण्यात आम्ही घर बांधलं आणि त्या घरापायी मी एक व्हाळ (डोंगरातून उतरणारा ओढा) बुजवला. एकटीने नव्हे. डिचोलीकडच्या खाणींवर ट्रक चालवणारा माझा मावसभाऊ मदतीला होता. खाणीची लाल माती फुकट मिळते म्हणाला, आणि फुकट म्हटल्यावर मी बारा ट्रक मागवले. नवऱ्याने विचारलं, "पाण्यानं जायचं कुठून?" तेव्हाची मी म्हणजे शहाणपणाचा कळस. म्हटलं, "जाईल कुठूनतरी, पाण्याला काय पाय नाहीत?" होते की! श्रावणात ते आमच्या स्वयंपाकघरातून चालत गेलं, चूल विझवून, पिठाचा डबा सोबत घेऊन. आणि माझी लाल माती शेजाऱ्यांच्या विहिरीत ओतून गेलं. ती विहीर पुन्हा कधी नितळ झाली नाही.

म्हणून गेल्या कार्तिकात माझ्या धाकट्या लेकीचा, शैलाचा, डिचोलीजवळच्या सर्वणहून फोन आला, "आई, उद्या मशीन येतंय, व्हाळाकडून घराचं काम सुरू," तेव्हा माझ्या हातून आमटीची वाटीच पडली. "थांब" म्हणेपर्यंत तिने फोन ठेवला होता. मग कितीदा केला तरी उचलेना. सकाळी पहिल्या बसने पेडणं सोडलं.

कोलवाळच्या पुलापर्यंत रस्त्यासाठी कापलेले डोंगर लालभडक उभे होते, सोललेल्या ढोपरासारखे. आणखी एक कापायला माझी पोरगी निघाली, असं मनात आलं आणि बस फारच हळू चालल्यासारखी वाटू लागली. म्हापशाला डिचोलीची गाडी सुटायला वेळ होता, तेवढ्यात उंडो (कडक पाठीचा गोल पाव) आणि पातळ भाजी खाल्ली. काळजी असली की मला भूक जास्त लागते.

अस्नोडा मागे पडलं तशी भातं कापलेली शेतं लागली, कुळागरांची (सुपारीच्या बागांची) गर्द सावली लागली. डिचोलीला उतरून पायलट केला. पायलट म्हणजे भाड्याने माणसं नेणारा मोटारसायकलवाला. वळणावर मी एका हाताने छत्री आणि दुसऱ्याने पिशवी सांभाळत होते, तर तो ओरडला, "आजये, म्हाका धर गो! सत्री सोड!"

"सत्री माझी जुनी आहे बाबा, तू आजच भेटलास," मी म्हटलं.

सर्वणला पोचले तेव्हा शैलाच्या जागेवर पिवळं मशीन घरघरत होतं, तोंड थेट व्हाळाकडे. पाणी घोट्याएवढंच, दगडांमधून खळखळणारं. मी कुणाला हाक मारली नाही. सरळ व्हाळात उतरले, मधल्या दगडावर बसले आणि छत्री उघडली.

मशीनवाला कुडाळकडचा. इंजिन बंद करून म्हणाला, "आजी, हय बसान काय करतास?"

"ऊन खातेय. तू तुझं काम कर."

"तुमच्या अंगावरसून करू?"

शैला चिखलाच्या पायांनी धावत आली. "आई! साडी भिजतेय तुझी!"

"भिजू दे. माझ्यासारखी अक्कल पाजळू नकोस. व्हाळ बुजवायचा नाही."

"कोण बुजवतंय?" ती कपाळावर हात मारून हसायलाच लागली. "तुझ्या पायाशी काय आहे बघ."

पायाशी बांबूची एक खुंटी होती, तिला जुन्या साडीची चिंधी बांधलेली. वर बघितलं तर उतारभर तशा खुंट्या. शैलाने सांगितलं: जागा घेतल्यावर अख्खा पावसाळा त्यांनी तिथे एक चिरा हलवला नाही. इथले जुने गवंडी असंच करायचे म्हणे. पाणी चढलं की जावई घोंगडी घेऊन निघायचे आणि जिथवर ते आलं तिथे खुंटी मारायचे. शेवटच्या खुंटीच्या बाहेर चार पावलं सोडून घराचा नकाशा काढला. व्हाळाच्या अल्याड स्वयंपाकघर आणि पडवी, पल्याड निजायच्या खोल्या, मध्ये कौलांखालून जाणारा साकव (छोटा पूल). मशीन खड्डे काढणार होतं ते खुंट्यांच्या बाहेर. फणसही तोडायचा नव्हता, पडवीच त्याला वळसा घालून जात होती.

"मग फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"घराच्या बाबतीत तुला विचारायचं नाही, असं आम्हा भावंडांत ठरलंय," शैला म्हणाली.

मी खुंट्या एकेक करून हाताने हलवून पाहिल्या. पक्क्या होत्या. मग तिथेच बसून इतकं हसले की मशीनवाल्याने मला पाणी आणून दिलं. पाणी त्या व्हाळातलंच, गार आणि स्वच्छ.

दुपारी उकड्या तांदळाची पेज आणि खोबरं घातलेली सुकटीची किसमूर झाली. जेवायला आनंदीबाय होती. व्हाळाच्या खालच्या अंगाला तिचं घर आणि तिची बाव (विहीर). लग्न होऊन ती दोडामार्गाकडून इथे आली, आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेतात खपली. बाव तेवढी तिची स्वतःची. साकवाच्या पायाचे खड्डे कुठवर येणार, एवढंच तिने जेवताना जावयांना तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारायच्या आत जावई उठले आणि दोरी लावून तिला दाखवून आले.

संध्याकाळपर्यंत सहा खड्डे झाले. व्हाळ होता तसाच वाहत होता, गढूळसुद्धा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी परतताना वाटलं, पस्तीसेक वर्षांपूर्वी एक पावसाळा थांबले असते, तर पेडण्यातली ती शेजारीण आमच्याकडे पाणी मागायला आली नसती. झालं ते पुसता येत नाही. पण आदल्या रात्री मी सर्वणला अशी गाढ झोपले की शैलाने म्हणे दोनदा येऊन श्वास चालू आहे का पाहिलं.

बसथांब्यापर्यंत आनंदीबाय माझी पिशवी घेऊन आली. बस दिसली तेव्हा पिशवी माझ्या हातात देत म्हणाली, "ह्यांच्या घराचा आयकलंय त्येका दोन म्हयने झाले, सकाळी उठान मी आदी बावीत वाकान बघतंय, मगे च्याचा आधाण ठेवतंय. आज आधाण ठेवलंय, च्या पिलंय, आनी बघूचा इसारलंय."